राधेश्यामची शिशाची फौज

४ नोव्हेंबर, सोमवार

रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायची न्हाई. पण उद्या माझ्यावर कुणी लिहायला बसलंच, तर त्याला तारखा सापडाव्यात.

संभाजीनगरहून पेटी आली. पाठवणारे कल्याणराव, बँकेतून रिटायर झालेले. पेटीत कापसात गुंडाळलेले शिशाचे पुतळे, एकेक बोटाच्या दोन पेरांएवढा. बुटके, राक्षस, भालेवाले, एक जादूगार, एक ड्रॅगन. चाळीस वर्षांपूर्वीचे, इंग्लंडातले. हे टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं अन् लढाई खेळायची. मोठाली माणसं खेळतात. पुण्याच्या एका ग्रुपचे प्लॅस्टिकचे राक्षस मी मागं रंगवून दिल्ते, त्यांनी इन्स्टावर टाकले, तिथून कल्याणरावांनी मला शोधलं. ह्या फील्डमध्ये मराठवाड्यात दुसरा माणूसच न्हाई. मी एक नंबरला आहे.

काम असं. निम्मे पुतळे रंगवलेले आहेत, ते कल्याणरावांच्या भावानं, राधेश्यामनं. तो इंग्लंडात इंजिनिअर होता, मागच्या वर्षी वारला. निम्मे कोरे राह्यलेत. कोरे तेवढे मी रंगवायचे, भावाच्या रंगाला जुळवून. रंगवलेल्यांना हात लावायचा न्हाई. फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. वय झालं की माणूस एकच गोष्ट घोळत बसतो.

फेब्रुवारीत राधेश्यामची पोरगी मोनाली येणार आहे. दोघा भावांची एक लढाई अर्धी राह्यली म्हणे, पत्रातून खेळायचे. आता बापाच्या जागी पोरगी बसणार, समोर काका.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज पाच पुतळे. टपरीवर जाणं बंद. मोबाइल कपाटात.

५ नोव्हेंबर

साडेआठला उठलो. पहाटेच्या थंडीत रंग वाळत न्हाई, ही टेक्निकल गोष्ट आहे. उद्यापासून दुपारी.

६ नोव्हेंबर

दुपारी लाइट गेली.

१० नोव्हेंबर

पहिला बुटका तयार. दाढी पिवळी, चिलखत चंदेरी, कडेनं सोनेरी लाइन. ढालीवर जागा रिकामी दिसत होती म्हणून बारीक ब्रशनं 'जय' लिहिलं, मागं शॅडो देऊन. वीस वर्षं पाट्या रंगवल्या. परतूरपासून भोकरदनपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत जा, किराणा, सलून, खताचं दुकान, अक्षर माझं होतं. जयंतीचे कापडी बॅनर माझे. तो हात कुठं जाईल?

बायकोला, शिवकन्येला दाखवला. ती शाळेतून आल्ती, वह्यांचा गठ्ठा हातातच होता. बघून म्हणली, छान आहे, पण रसवंतीच्या पाटीसारखा दिसतो. म्हणजे लांबून नजरेत भरतो, असं मी धरतो.

१७ नोव्हेंबर

मिथुन आल्ता. हा माझा मेव्हणा. ह्यानं स्टँडजवळ फ्लेक्सची मशीन टाकली अन् माझा धंदा एका वर्षात बसला. वर तोंडानं म्हणतो, दाजी, तुमच्या कलेला तोड न्हाई. आज पुतळे बघून म्हणला की हे कॉम्प्युटरवर डिझाइन करून थ्रीडी मशीनवर डायरेक्ट कलरमध्येच निघतात आता. मी चहा सुद्धा विचारला न्हाई. शिवकन्येनं विचारला. दोन कप पिला.

हा महिना वॉर्मअपचा धरायचा. डिसेंबरपासून रोज सात.

२८ नोव्हेंबर

पाठीमागच्या जिनिंगनं आयुष्याचं वाटोळं केलंय. कापसाचा सीझन आहे, दिवसभर रुई उडून राह्यली. ओल्या वार्निशवर बसते. चार राक्षसांच्या अंगावर केस उगवल्यासारखं झालं. चिमट्यानं काढायला गेलो तर रंगही निघाला. शेवटी तसेच ठेवले. राक्षसाला केस असतातच.

खिडकी बंद केली तर वास कोंडतो, उघडली तर रुई. कलावंतानं राहायचं कुठं?

९ डिसेंबर

कल्याणरावांना फोटो पाठवले. चांगले आलेत तेवढेच, अन् उजव्या बाजूनंच.

दुपारी त्यांचा फोन. म्हणले, हात स्वच्छ आहे तुमचा, रेषा सुरेख आहे. हे त्यांचेच शब्द. मंग म्हणले की थोडे जास्त चमकतायत, राधेश्यामचे शेजारी ठेवून एकदा बघा, त्याचे मातकट आहेत, तसं जमेल का. आणि ढालीवरचं लिहिलेलं नको. तिकडच्या राज्यात मराठी अक्षर कुठून येईल, असं हसत म्हणले.

अक्षर घालवायचं म्हणतात. ज्या माणसाची ओळखच अक्षर, त्याला. ठीक आहे. ग्राहक आहे.

१५ डिसेंबर, रविवार

आज शेजारी ठेवून बघितले. डावीकडं राधेश्यामचे, उजवीकडं माझे.

खरं सांगायचं तर मलाच लाज वाटली. माझ्यासाठी न्हाई, राधेश्यामसाठी. त्याचे रंग जाड बसलेत. चिलखताचा राखाडी कातड्यावर आलाय. जादूगार तर बघवत न्हाई. एक डोळा मोठा, एक बारीक, बुबुळ नाकाकडं पळालेलं. निळ्या झग्यावर चांदण्या काढायला गेलाय, त्याचे नुसते टिपके झालेत.

शिवकन्येनं चष्मा लावून तो जादूगार उजेडात धरला. बराच वेळ बघत बसली. म्हणली, "हे काढताना त्यांचा हात थरथरत असंल. आजारी होते ना?"

म्हणलं, आजारी होते तर आराम करायचा.

तिनं चष्मा काढला. पुतळा कापसात ठेवून वह्या तपासायला बसली.

२ जानेवारी

नवीन वर्ष. संकल्प तेच, फक्त आता मनापासून.

आठ दिवस एकच विचार. माझे मातकट केले तर माझं नाव खराब. तसेच ठेवले तर फौज जुळत न्हाई. एका टेबलावर दोन जातींचं काम दिसणार. मंग उपाय एकच उरतो. आणि तो उपाय कल्याणरावांच्या भल्याचाच आहे. त्यांनी जुळवून पाहिजे म्हणून सांगितलंय. कुणाला कुणाशी, हा डिटेल झाला.

शिवकन्या म्हणली, "आधी फोन करून विचारा त्यांना."

डॉक्टर पेशंटला विचारून टाके घालत न्हाई. हे तिला म्हणलं. ती म्हणली, विचारतो. सही घेतो. मी विषय बंद केला.

५ जानेवारी, रविवार

थिनर आणलं. स्टीलच्या डब्यात राधेश्यामचे पुतळे टाकले. तिची आजी वारल्यापासून शिवकन्या दर महिन्याला माहेरी जाते, आज तिकडं गेल्ती, त्यामुळं शांतता होती.

पहिल्यांदा काहीच होईना. मंग रंग सुटायला लागला. लाल, हिरवा, तपकिरी, सगळं एकत्र होऊन गढूळ झालं. जादूगार शेवटी टाकला. ब्रशनं घासल्यावर झगा गेला, मंग डोळे गेले. खाली काय सुंदर कास्टिंग निघालं. सुरकुत्या, नखं, अंगठी सुद्धा. रंगाखाली गुदमरून राह्यला होता बिचारा.

मन एकदम हलकं. ह्याला म्हणतात जबाबदारी घेणं.

संध्याकाळी शिवकन्या आली. डब्यात बघितलं. मला विचारलं, सगळे? म्हणलं, सगळे. तिनं पदरानं नाक झाकलं, वासामुळं असंल, अन् आत गेली. आज वरण तिनं केलं न्हाई. सकाळचंच होतं.

११ जानेवारी

कल्याणरावांचा फोन. तिकिटं झाली मोनालीची. आवाजच वेगळा होता त्यांचा, पोरासारखा. त्यांनी हॉलमधला सोफा बाहेर काढून टेबल लावलंय, थर्मोकोलची टेकडी केलीय, जुनी पत्रं काढून कुठला पुतळा कुठं उभा होता ते बघून राह्यलेत. मोनाली लहान असताना बापाच्या मांडीवर बसून रंगवणं बघायची, झोप लागेस्तोवर. ती म्हणते, काका, मला खेळता येत न्हाई, मी फक्त बाबांचे हातात घेऊन बसणार.

मंग विचारलं, "राधेश्यामचे नीट आहेत ना?"

म्हणलं, "एकदम सेफ आहेत सर."

खोटं काय आहे ह्यात? शिशाला काही होत न्हाई.

२० जानेवारी

आता काम डबल झालं. हे कुणी धरत न्हाई. जे रंगवायचे ठरल्ते त्याच्या दुप्पट रंगवायचे अन् दिवस निम्मे. शिवकन्येला म्हणलं, डोळ्यांचं काम तू कर, तुझा हात बारीक आहे. तिनं सरळ न्हाई म्हणलं. तिला मूड न्हाई. घरातच पाठिंबा नसल्यावर मोठं काम होत नसतं.

शाळेतल्या बायांना तिनं सांगितलं वाटतं. काल तिथल्या बेबीनंदा मॅडम रस्त्यात भेटल्या. विचारलं, भाऊजी, ते बाहुल्यांचं काम चालू आहे का. बाहुल्या म्हणल्या.

३० जानेवारी

मिथुनच्या दुकानात गेल्तो. जायला नको होतं. पण त्याच्याकडं कंप्रेसर आहे, स्प्रे गन आहे. बेस कोट गननं मारला तर आठ दिवस वाचतात. तो म्हणला, दाजी, बिलकुल घ्या, आपलंच समजा. असं बोलला की मला जास्त राग येतो.

गन मोटारसायकलच्या टाकीची होती. पहिल्याच फवाऱ्यात अंगठी, नखं, सुरकुत्या सगळं भरून आलं. म्हणजे अगदीच न्हाई. कुठं काय होतं ते लक्षात येतं. लांबून.

मिथुन म्हणला, जाड बसला का हो. म्हणलं, ह्याला बॉडी म्हणतात.

१३ फेब्रुवारी

संपलं. सगळी फौज ट्रेमध्ये उभी केली. चंदेरी, सोनेरी, निळा. सगळ्यांचे डोळे एका मापाचे, एका रेषेत, समोर बघून राह्यलेत. वेळ कमी होता म्हणून डोळे काडीपेटीच्या काडीनं टेकवले, पण त्यानंच ती शिस्त आलीय. बुटके अन् राक्षस भाऊ-भाऊ वाटतात. रुई आहे थोडी.

शिवकन्येला बोलावलं. तिनं दारातूनच बघितलं. म्हणली, "अहो, जायच्या आधी त्यांना फोन करा. पोरगी लांबून आलीय. अचानक नका दाखवू."

सरप्राइज म्हणजे काय हे प्राथमिक शिक्षकाला समजावणं अवघड आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. पॅसेंजरमधून लिहून राह्यलो, परत येताना

सविस्तर लिहितो. महत्त्वाचा दिवस.

पेटी मांडीवर घेऊन गेलो. कल्याणराव फाटकापर्यंत आल्ते. उंच, बारीक माणूस, नवा शर्ट. मोनाली मागं उभी. पस्तिशीची असंल. वाकून नमस्कार केला तिनं मला. मराठी हळूहळू बोलते, पण बोलते. म्हणली, काकांनी तुमच्याबद्दल खूप सांगितलं.

हॉलमध्ये टेबल. हिरवं कापड, टेकडी, निळ्या कागदाची नदी. एका बाजूनं कल्याणरावांची फौज मांडून तयार. दुसरी बाजू रिकामी, तिथं खडूच्या छोट्या खुणा केलेल्या, कोण कुठं उभं राहणार त्याच्या.

मी पेटी टेबलावर ठेवली अन् झाकण स्वतः उघडलं.

कुणी काही बोललं न्हाई. कलेसमोर पहिल्यांदा असंच होतं. मोनालीनं एक भालेवाला उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मंग सगळे बघायला लागली, एकेक करून, भरभर. जादूगार हातात घेतला, उलटा केला, सरळ केला. कल्याणराव म्हणले, नीट बघ, खालच्या थरात असतील.

ती माझ्याकडं बघून म्हणली, "बाबांनी केलेले कुठले आहेत?"

म्हणलं, "ताई, तीच तर खरी गोष्ट आहे. आता कुठला तुमच्या वडिलांचा अन् कुठला माझा, ओळखूच येत न्हाई."

ती अजून बघतच होती माझ्याकडं. वाटलं मराठी समजली न्हाई. म्हणून हळूहळू सांगितलं. थिनर, ब्रश, प्राइमर, सगळी प्रोसेस.

कल्याणराव खुर्चीवर बसले. म्हणले, "तुम्ही त्याचे पुसले."

म्हणलं, "पुसले न्हाईत सर. साफ केले."

"ते पाणी, थिनर म्हणजे, कुठं आहे?"

असला प्रश्न. म्हणलं, मोरीत ओतलं. ते मान हलवत राह्यले, हिशोब लागल्यासारखं.

मोनालीनं पुतळे एकेक करून परत कापसात गुंडाळले. आवाज न करता. जादूगार तिला कुठं ठेवावा ते कळंना, शेवटी टेबलावरच ठेवला अन् आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी म्हणलं, सर, मांडायची का फौज? ते म्हणले, आज नको. मंग म्हणले, लांबून आलात, जेवून जा.

वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, शिरा. माझ्यासाठी मुद्दाम केलेलं. एकट्यालाच वाढलं. ते समोर बसून होते, भाजी घ्या, शिरा घ्या म्हणत. एक शब्द वाकडा बोलले न्हाईत. रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं, सावकाश न्या म्हणले.

एवढा मान मला परतूरमध्ये कुणी दिला न्हाई.

१७ फेब्रुवारी

शिवकन्येनं सगळं विचारून घेतलं. कोण काय बोललं, कोण कुठं बसलं. सगळं सांगितलं, नळाचं सुद्धा. मी म्हणलं, भारावून गेली पोरगी.

ती म्हणली, "तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

तिचा आवाज वर चढला असता तर मी उत्तर दिलं असतं.

१९ फेब्रुवारी

इन्स्टावर फौजेचा फोटो टाकला. खाली लिहिलं, सॅटिसफाइड क्लायंट. पुण्याच्या ग्रुपमधल्या एकानं विचारलं, हे जुने शिशाचे आहेत का, ओरिजिनल पेंट कुठं गेला. त्याला ब्लॉक केलं. मंग फोटोही काढून टाकला. लोकांची लायकी न्हाई.

२१ फेब्रुवारी

कल्याणरावांचा फोन. काम मिळणार वाटलं. म्हणलं, बोला सर.

म्हणले, मोनाली परवा निघतेय. तिनं विचारलंय, पुतळे ज्या फडक्यानं पुसले, ते फडकं आहे का. फेकलं नसेल तर. कसलंही असू द्या, फक्त त्यावरचा रंग त्याचा पाहिजे.

मी लगेच म्हणलं, "आहे ना सर. जपून ठेवलंय. उद्याच पाठवतो."

तोंडातून गेलं. न्हाई कसं म्हणणार, एवढ्या मोठ्या माणसाला?

खोली उचकटली. थिनरची फडकी जानेवारीतच बंबात गेलीत, मीच टाकल्ती, पाणी तापवायला. बाकाखाली एक मिळालं. निळं आहे, तपकिरी आहे, थोडं हिरवं. मागच्या महिन्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर टाकला होता, त्याचं असंल. पण निळा निळाच असतो. सात हजार किलोमीटरवर कोण तपासतंय? पोरीला समाधान मिळेल. ह्यात वाईट काय आहे ते मला कुणी सांगावं.

२२ फेब्रुवारी

फडकं घडी करून पातळ कागदात गुंडाळलं, वर चांगलं पाकीट. नाव लिहिलं, शॅडो न देता. कुरिअरवाला अकराला येणार होता.

शिवकन्येला आज शाळेला अर्धी सुट्टी. तिनं पाकीट बघितलं, नाव वाचलं. पाकीट उघडलं. फडकं नाकाशी धरलं. ती ट्रॉली तिच्या माहेरचीच होती, मला वाटतं डिझेलच्या वासावरून कळलं असंल.

ओरडेल वाटलं. ती पाकीट माझ्यासमोर ठेवून म्हणली, "ती हे उशाखाली घेऊन झोपंल."

कुरिअरवाला आला. खालून हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवत होता. मंग गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कल्याणरावांना फोन लावला. ते एअरपोर्टला निघायच्या घाईत होते. म्हणलं, सर, पाकीट पाठवलं न्हाई.

म्हणले, हरकत नाही, नंतर पाठवा, मी तिला पोचवीन.

म्हणलं, "न्हाई सर. फडकं न्हाईच. जाळलं मी. तुमच्या भावाचं काहीच उरलं न्हाई. डोळे सुद्धा मीच घासून काढले."

गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. कुणीतरी मागून विचारलं, काका, कोण आहे. तिचाच आवाज.

ते तिला म्हणले, कुणी नाही.

मंग मला म्हणले, बरं, ठेवतो.

शिवकन्या दारात उभी होती. लिहायला आज दुसरं काही न्हाई.